हाक आणि भुयार

पूर्वी गावावर काही संकट यायचे असले, की चावडीवरून दवंडी निघत असे. गळ्यात हलगी अडकवलेला दवंडीवाला प्रत्येक आळीच्या तोंडाशी थांबे, दोन-चार ठोके मारी आणि ‘ऐका हो ऐका’ म्हणून सरकारी निरोप सांगे. नदीला पूर येतो आहे, काठची जनावरे सोडा. पटकीची साथ आहे, पाणी उकळून प्या. निरोप सांगून झाला की तो पुढच्या आळीत जाई. कुणाची जनावरे सुटली, कुणाच्या घरी पाणी उकळण्यापुरते सरपण होते, हे पाहणे त्याच्या कामात बसत नव्हते. त्याचे काम सांगण्याचे. ऐकून काय करायचे ते ज्याचे त्याने पाहायचे.

आता चावडी राहिली नाही आणि हलगीही क्वचितच कानी पडते. दवंडी मात्र राहिली आहे. ती आता खिशातल्या फोनमधून येते. थंडीच्या दिवसांत, विशेषतः दिवाळीच्या आगेमागे, सकाळच्या चहाबरोबर आपण तो निरोप वाचतो. आज शहराची हवा वाईट आहे; वृद्धांनी, लहान मुलांनी आणि दमेकऱ्यांनी शक्यतो घराबाहेर पडू नये. सोबत एक आकडा असतो आणि एक रंग असतो. आकडा दोनशेच्या वर गेला की रंग नारिंगी, तीनशेच्या वर गेला की लाल. आपण तो वाचतो, ‘अरे बापरे’ म्हणतो, आणि डबा पिशवीत घालून गाडी पकडायला निघतो.

या निरोपाने माणसांचे रक्षण होते काय? आणि होत असेल तर कोणत्या माणसांचे? वरवर पाहता हा प्रश्न शास्त्राचा आहे. मला मात्र तो नीतीचा वाटतो. दुसऱ्याला धोक्याची सूचना दिली म्हणजे त्याच्याविषयीचे आपले कर्तव्य संपते का, असा त्याचा गाभा आहे. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय कशाला, असे एखाद्या वाचकाला वाटेल. पण ज्या सणात आपण हौसेने धूर करतो त्या सणात धुराविषयी बोलायचे नाही, तर मग केव्हा बोलायचे?

मी काही शास्त्रज्ञ नव्हे. कादंबऱ्या लिहिणारा एक शाळामास्तर आहे आणि माझे पदार्थविज्ञान मॅट्रिकपाशीच थांबले. पण वर्गात मुले विचारतात आणि मास्तराला उत्तर द्यावे लागते, म्हणून हा आकडा कसा तयार होतो ते मी समजून घेतले. आपल्या देशात तो २०१५ सालापासून अधिकृतपणे प्रसिद्ध होऊ लागला. हवेतील आठ दूषित पदार्थांचा हिशेब त्यात धरलेला आहे : दोन प्रकारची धूळ, गंधक आणि नत्र यांचे वायू, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. गंमत अशी, की या आठांची बेरीज किंवा सरासरी करीत नाहीत. ज्या पदार्थाचा गुणांक सर्वांत वाईट, तोच शहराचा आकडा. मुलांना मी सांगतो, ‘समजा, तुमच्या प्रगतिपुस्तकात सगळे विषय गाळून फक्त सर्वांत कच्च्या विषयाचे गुण लिहिले, तसा हा प्रकार.’ मुलांना हे लगेच पटते. कच्च्या विषयाचे दुःख त्यांना ठाऊक असते.

या कामात महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुण्याला पाषाण येथे उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणारी केंद्र सरकारची मोठी संस्था आहे. उद्याची हवा कशी असेल हे आज सांगणारी ‘सफर’ नावाची यंत्रणा तिने उभी केली. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या वेळी ती दिल्लीत सुरू झाली, २०१३ मध्ये पुण्यात आणि २०१५ मध्ये मुंबईत आली. म्हणजे आमचा दवंडीवाला आता पूर आल्यावर धावत नाही. आदल्या दिवशीच येऊन सांगतो. ही विद्येची मोठी करामत आहे आणि तिच्याविषयी मला आदर आहे. पुढे जे लिहिणार आहे ते त्या विद्येविरुद्ध नाही. दवंडी ऐकून झाल्यावर जी शांतता पसरते, तिच्याविषयी ते आहे.

आठ पदार्थांत सर्वांत घातक समजली जाते ती बारीक धूळ. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान अशी तिच्या कणांची व्याख्या आहे. आपल्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीचे सुमारे तीस भाग केले तर त्यातला एक. नाकातले केस तिला अडवू शकत नाहीत, तोंडाला बांधलेला रुमालही अडवू शकत नाही. ती फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते आणि तिचे अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. म्हणून तिचा संबंध नुसत्या खोकल्याशी नाही. हृदयविकाराशी आणि पक्षाघाताशीही आहे. चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमपर्यंतची धूळ आपल्याकडे मान्य आहे आणि तेवढ्या धुळीला आपला आकडा ‘समाधानकारक’ म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ ठरवली. म्हणजे आपले समाधान त्यांच्या समाधानाच्या चौपट मोठ्या मनाचे आहे! हे एवढ्यासाठी सांगतो, की निरोप येत नाही त्या दिवशी हवा चांगली असते असा आपला समज होतो, आणि तो बरोबर नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

आता मूळ प्रश्न. इशाऱ्याने माणसे वाचतात का? नुसत्या तर्काने याचे उत्तर काढता येत नाही. कुणीतरी मोजून पाहावे लागते. कॅनडातील टोरांटो शहरात असे मोजमाप झाले आणि २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. संशोधकांची युक्ती साधी आणि सुंदर होती. हवेचा आकडा एका ठराविक रेषेच्या वर जाईल असा अंदाज आला की तेथे इशारा निघे. मग रेषेच्या किंचित वरचे दिवस आणि किंचित खालचे दिवस घ्या. दोन्ही दिवसांची हवा जवळजवळ सारखीच, फरक काय तो दवंडीचा. २००३ ते २०१२ या दहा वर्षांचे दिवस त्यांनी असे ताडून पाहिले. दम्याचा झटका येऊन इस्पितळाच्या तातडीच्या विभागात धावणाऱ्यांची संख्या इशाऱ्याच्या दिवशी सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळली. दर दहा लाख वस्तीमागे दिवसाला चार-पाच माणसे. मृत्यूंच्या बाबतीत मात्र, आणि हृदयाच्या विकारांच्या बाबतीतही, इशाऱ्याने काही फरक पडल्याचे दिसून आले नाही.

हे उत्तर मला फार प्रामाणिक वाटते. इशारा अगदी निरुपयोगी आहे असे ते म्हणत नाही. ज्याला आपला आजार ठाऊक आहे, ज्याच्या खिशात औषध आहे आणि ज्याला त्या दिवशी घरी बसणे परवडते, त्याला इशाऱ्याचा उपयोग होतो. आमच्या शाळेत सातवीत एक दमेकरी मुलगी आहे. तिची आई रोज सकाळी हवेचा आकडा पाहते. लाल रंग दिसला की मुलीच्या दप्तरात फवाऱ्याचे औषध आहे ना याची खात्री करून घेते आणि ‘आज हिला कवायतीला उभी करू नका’ अशी चिठ्ठी मला पाठवते. त्या आईच्या हातात इशारा हे शस्त्र आहे. ते काढून घ्या असे कोण म्हणेल?

पण सगळेच काही त्या आईसारखे नसतात, आणि ती आईही कदाचित रोज रोज तशी राहू शकणार नाही. अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे अभ्यासकांनी पाहिले, की धुरक्याचा इशारा निघाला की प्राणिसंग्रहालयात आणि वेधशाळेत जाणाऱ्या लोकांची संख्या घटे. पण लागोपाठ दुसऱ्या दिवशीही इशारा निघाला, तर ती घट बहुतांशी नाहीशी होई. एक दिवस मुलांना घरात डांबता येते. दुसऱ्या दिवशी मुले ऐकत नाहीत आणि आईबापांचाही धीर सुटतो. आपण लहानपणी ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट ऐकली आहे. त्या गोष्टीतला पोर खोटे बोलत होता, म्हणून लोकांनी त्याच्याकडे कानाडोळा केला. इथला पोर रोज खरे बोलतो, लांडगाही रोज येतो, आणि तरीही लोक कानाडोळा करतात. खोट्याने माणसे बधिर होतात तशी नित्याच्या खऱ्यानेही होतात. त्यात लोकांचा दोष आहे असे मला वाटत नाही. ज्या संकटावर आपल्याकडे उपाय नाही, त्याची रोज आठवण ठेवून माणूस जगू शकत नाही.

उपाय हाताशी असला तर हीच माणसे किती वेगळी वागतात ते पाहा. १९९९ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आले आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. पुढे २०१३ च्या ऑक्टोबरात त्याच किनाऱ्यावर पुन्हा मोठे वादळ आले. त्या वेळी सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवण्यात आले आणि दगावलेल्यांची संख्या काही डझनांवर राहिली. मधल्या चौदा वर्षांत अंदाज वर्तवण्याची विद्या सुधारली हे खरे. पण तेवढेच झाले नाही. किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले गेले, रस्ते झाले, गावोगाव माणसे नेमली गेली. ‘पळा’ असे सांगणाऱ्यामागे ‘इकडे या’ असे म्हणणारा उभा होता.

वाईट हवेच्या इशाऱ्यात ‘इकडे या’ हे शब्दच नसतात. ‘बाहेर पडू नका’ एवढेच असते. हे वाक्य मी एकदा वर्गात वाचून दाखवले आणि त्याचा अर्थ समजावू लागलो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचा बाप बांधकामावर बिगारी आहे आणि हे कुटुंब त्याच कामाच्या कडेला पत्र्याच्या खोलीत राहते. त्याने विचारले, ‘सर, बाहेर नाय पडायचं म्हणजे आत बसायचं ना? पण आमच्याकडं आत नायच. दार लावलं तरी पत्र्याच्या फटीतून सगळं येतं.’ वर्ग हसला. मुलाला आपण काही विनोद केला आहे असे वाटले नव्हते, म्हणून तो गोंधळून खाली बसला. मी मुलांना गप्प केले आणि धडा पुढे चालू केला; पण ते वाक्य त्या दिवसापासून माझ्या मनात घर करून राहिले आहे. आमच्याकडं आत नाय. शहराला दिलेला सगळा उपदेश ‘आत’ या एका शब्दावर उभा आहे, आणि शहरातल्या फार मोठ्या वस्तीपाशी तो शब्दच नाही.

खरे म्हणजे ज्यांच्याकडे भिंती आहेत त्यांच्याकडेही तो पुरता नाही. बारीक धूळ खिडकी लावल्याने थांबत नाही; हवा गाळण्याचे यंत्र नसेल तर काही वेळाने आतली हवा बाहेरच्या हवेमागे जातेच. दिल्लीत नोव्हेंबर २०२४ मध्ये आकडा ४९० च्या वर गेला, शाळा बंद करून घरबसल्या वर्ग सुरू झाले. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट बोलून दाखवली. अनेक मुलांच्या घरी हवा गाळणारी यंत्रे नाहीत, तेव्हा घरी बसणे आणि शाळेत येणे यांत त्यांना काय फरक? उलट त्यांचे दुपारचे जेवण तेवढे बुडते. त्याच वेळी बांधकामे बंद झाली आणि मजुरांची रोजी गेली, म्हणून त्यांना उपकराच्या निधीतून निर्वाहापुरते पैसे द्या, असेही न्यायालयाला राज्यांना सांगावे लागले. कल्पना करा : ज्याने सर्वांत जास्त धूळ छातीत घेतली त्याचीच मजुरी हवा सुधारण्यासाठी प्रथम बंद झाली. बांधकामे थांबवणे चूक होते असे मी म्हणत नाही. पण औषध कडू असेल तर ते सर्वांनी घोट घोट घ्यावे. एकाच्याच घशात सगळी बाटली ओतू नये.

येथे मला महाभारतातील एक प्रसंग आठवतो. दुर्योधनाने वारणावतात पांडवांसाठी लाखेचे घर बांधवले. विदुराला कट कळला. पांडव निघाले तेव्हा त्याने युधिष्ठिराला इतरांना न कळणाऱ्या भाषेत सावध केले. विदुराची ही गोष्ट आपण सगळे जाणतो. पण विदुर तेवढ्यावर थांबला नाही, याकडे आपले लक्ष जात नाही. त्याने मागाहून एक कुशल खनक पाठवला. त्या खनकाने घराखालून गुपचूप भुयार खणले आणि त्या भुयाराने पांडव वाचले. विदुराने नुसते ‘घर जळणार आहे, सांभाळा’ एवढे सांगितले असते, तर पांडव सावध असूनही अडकलेच असते. हाक मारणे हे त्याचे अर्धे काम होते. उरलेले अर्धे कुदळीने झाले.

आणि त्या गोष्टीत आणखीही एक घर आहे, म्हणजे घर नसलेली माणसे आहेत. त्या रात्री कुंतीने अन्नदान केले होते. एक निषाद स्त्री आपल्या पाच मुलांना घेऊन जेवायला आली, खाऊन-पिऊन तेथेच झोपली. पांडवांनी भुयारात उतरण्यापूर्वी आग लावली ती भीमाने. आणि सकाळी लोकांना राखेत सहा देह सापडले. हस्तिनापूरला वाटले, पांडव गेले. गेले होते ते दुसरेच. विदुराचा निरोप त्यांच्यापर्यंत आला नव्हता, भुयाराची वाट त्यांना कुणी दाखवली नव्हती. ही कथा मी मुलांना सांगतो तेव्हा दरवर्षी एक तरी मूल विचारते, ‘सर, त्यांना का नाही उठवलं?’ या प्रश्नाला उत्तर नाही. शहराच्या हवेचा इशारा वाचताना मला हल्ली ती निषादी आठवते. आपण सावध होऊन आपल्या भुयारात उतरतो. त्याच छपराखाली कोण झोपले आहे, हे पाहायला थांबत नाही.

कुणी म्हणेल, मास्तर, उपमा ठीक आहे. पण हवेचे भुयार खणायचे कसे? ते खणता येते, याला इतिहासाची साक्ष आहे. १९५२ च्या डिसेंबरात, ५ ते ९ तारखांना, लंडनवर कोळशाच्या धुराचे असे धुके बसले, की दिवसा हातभर अंतरावरचे दिसेना. नाटकगृहात धुके शिरून चालू प्रयोग सोडून द्यावा लागला. त्या काळच्या हिशेबाने सुमारे चार हजार माणसे नेहमीपेक्षा जास्त मेली. पुढच्या अभ्यासकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. सरकारने आधी इन्फ्लुएन्झाला दोष दिला. त्या वेळचे गृहनिर्माण मंत्री आणि पुढे पंतप्रधान झालेले हॅरल्ड मॅकमिलन यांनी १९५३ साली आपल्या सहकाऱ्यांसाठी एक टिपण लिहिले. आपल्याला फारसे काही करता येणार नाही, पण आपण फार कामात आहोत असे दिसू तर शकतो, अशा अर्थाचे ते आहे. जगातल्या सगळ्या सरकारांच्या मनातले वाक्य एकाने कागदावर उतरवले, एवढेच!

परंतु लोक गप्प बसले नाहीत. समिती नेमली गेली, तिने चोख काम केले, आणि १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. त्या कायद्याने लोकांना ‘धुक्यात बाहेर पडू नका’ असे सांगितले नाही. त्याने घरोघरच्या शेगडीला हात घातला. शहराचे भाग धूरमुक्त म्हणून जाहीर केले, आणि शेगडी बदलण्याच्या खर्चाचा मोठा वाटा सार्वजनिक तिजोरीतून दिला. म्हणजे हुकूमही आला आणि कुदळही आली. अलीकडचे उदाहरण बीजिंगचे. तेथे २०१५ च्या डिसेंबरात पहिला लाल इशारा निघाला, शाळा बंद झाल्या. पण त्या शहराची हवा सुधारली ती २०१३ पासून कोळशाच्या भट्ट्या आणि जुनी वाहने हटवण्याचा जो कार्यक्रम चालला होता त्यामुळे. बारीक धुळीची वार्षिक सरासरी २०१३ मध्ये ८९.५ मायक्रोग्रॅम होती, ती २०१७ मध्ये ५८ वर आली. ५८ म्हणजे काही स्वच्छ हवा नव्हे. परंतु चार वर्षांत एवढे घडू शकते, हे तरी सिद्ध झाले.

मग इशारे बंद करून सगळे बळ शेगडीवरच लावावे का? हा विचारही मला पटत नाही. न सांगण्याचे पाप सांगून मोकळे होण्याच्या पापापेक्षा मोठे आहे. १९८४ च्या डिसेंबरात २ आणि ३ तारखांच्या मधल्या रात्री भोपाळला विषारी वायू सुटला. कारखान्याचा लोकांसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजून बंद करण्यात आला. लहानसहान गळतीने आसपासची वस्ती उगाच घाबरू नये, अशी तेथली पद्धत होती. तो पुन्हा मोठ्याने वाजला तेव्हा वायू वस्तीत पसरला होता आणि माणसे जीव घेऊन पळत होती. लोक घाबरतील म्हणून त्यांना न सांगणारा माणूस लोकांना माणूसच समजत नाही. तेव्हा आकडा कळलाच पाहिजे, आणि तो खरा कळला पाहिजे. आकडा झाकून हवा स्वच्छ होत नाही, जसे प्रगतिपुस्तक गादीखाली लपवून गणित येत नाही.

माझे म्हणणे एवढेच, की इशारा हे कर्तव्याचे पहिले पाऊल आहे आणि आपण त्याला शेवटचे करून ठेवले आहे. इशारा देणारा म्हणतो, मी सांगितले होते. ऐकणारा म्हणतो, मी काय करणार? मधल्यामध्ये जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि शेवटी सर्वांत दुबळ्या हातात जाऊन पडते. दमेकऱ्याने बाहेर पडू नये, हे त्याला सांगितले जाते. धूर काढणाऱ्याने धूर काढू नये, हे त्याला त्याच ठसक्यात सांगितले जात नाही. मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरात महानगरपालिकेने उंच इमारतींच्या बांधकामाभोवती किमान ३५ फूट उंचीचे पत्रे लावा, राडारोडा झाकून न्या, पाणी मारा असे नियम काढले. हे नियम मला इशाऱ्यापेक्षा जास्त मोलाचे वाटतात, कारण त्यांचे बोट धूळ उडवणाऱ्याकडे आहे, धूळ गिळणाऱ्याकडे नाही. अर्थात नियम कागदावर असतात आणि धूळ हवेत असते. त्या दोहोंची गाठ घालून देणारा अंमलदार रोज जागेवर हवा.

दुसरीही एक गोष्ट आहे. इशारा निघतो तो लाल दिवसांना; पिवळ्या दिवसांना कुणी विचारीत नाही. इंग्लंडमधील जेफ्री रोज या वैद्यकशास्त्रज्ञाने १९८५ साली एक फार खोल विचार मांडला. मोठा धोका असलेल्या थोड्या माणसांपेक्षा थोडा धोका असलेली पुष्कळ माणसे मिळून जास्त रोगी निर्माण करतात. हाच न्याय दिवसांना लावून पाहा. वर्षात लाल दिवस थोडे, मध्यम हवेचे दिवस पुष्कळ. आणि फुप्फुस दोन्ही दिवशी चालूच असते. दिवसाला दोनच विड्या ओढणारा माणूस वीस वर्षांनी वैद्याकडे जातो, तेव्हा ‘ज्या दिवशी तुम्ही दहा ओढल्यात त्या दिवशी का नाही थांबलात?’ असे वैद्य विचारीत नाही. म्हणून लाल दिवशी धावपळ करून पिवळ्या दिवशी झोपी जाणारे शहर आपले आरोग्य राखू शकणार नाही.

आता थोडे आपल्याविषयी, म्हणजे सरकार नसलेल्या माणसांविषयी. लाल दिवशी आपण घरात बसतो, बाहेर जाऊन जेवायचा बेत रद्द करतो, आणि जेवण घरीच मागवतो. ते घेऊन येणारा पोरगा त्याच हवेतून मोटारसायकलवरून येतो. आपण दार अर्धे उघडून पुडके घेतो आणि हवा आत येऊ नये म्हणून लगबगीने लावतो. आपण टाळलेला धोका नाहीसा झाला का? तो दाराबाहेर जिन्यात उभा होता. ज्याला आत बसता येते त्याने ज्याला बसता येत नाही त्याच्यासाठी काय करावे, याचा विचार निदान इशाऱ्याच्या दिवशी तरी व्हायला हवा. त्या दिवशी मागवण्याचे काम पुढे ढकलता येईल. झाडूवाल्या बाईला कोरडा कचरा उडवीत झाडण्याऐवजी पाणी शिंपडून झाडू देता येईल, आणि कोपऱ्यावर पाला जाळणाऱ्याला हटकता येईल. सोसायटीच्या रखवालदाराला ‘तूही आत बस रे बाबा’ असे म्हणता येईल. या गोष्टी लहान आहेत; पण निषादीला हाक मारून उठवण्याइतक्या त्या सोप्या आहेत.

आणि फटाके. या विषयावर मुलांना उपदेश करण्याचा मला कंटाळा आला आहे, कारण फटाक्यांचे पैसे मुले देत नाहीत. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीच्या रात्री आठ ते दहा एवढीच वेळ ठरवून दिली; २०२३ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयानेही शहरासाठी तीच वेळ सांगितली. दहानंतर काय चालते ते प्रत्येकाने आपल्या गॅलरीतून पाहावे. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, वर जाऊ शकत नाही, आणि पातेल्यावर झाकण ठेवावे तसा धूर खाली कोंडतो. दुसऱ्या दिवशीचा आकडा चोवीस तासांची सरासरी असते. त्यात मध्यरात्रीच्या त्या दोन-तीन तासांचा भडका विरघळून जातो. दमेकऱ्याच्या छातीत मात्र सरासरी काढीत नाहीत. तिला तो भडका जसाच्या तसा मोजावा लागतो.

आनंद करू नये असे मी म्हणणार नाही. मास्तर झालो म्हणून काही अगदीच रूक्ष झालो नाही. पणती, आकाशकंदील, किल्ला, रांगोळी, चकलीचा खमंग वास यांनी कुणाचा श्वास अडत नाही. ज्या आनंदाची किंमत शेजारच्या खोलीतल्या आजोबांनी रात्रभर उशाशी बसून मोजायची, त्याला आनंद म्हणावे का, एवढेच ज्याने त्याने आपल्या घरापुरते ठरवावे.

सारांश असा. हवेचा इशारा काही माणसांना थोडेसे वाचवतो, आणि तेवढ्यासाठी तो हवाच. पण जो फक्त इशारा देतो तो फक्त त्यांनाच वाचवतो, ज्यांच्यापाशी वाचण्याची साधने आधीच आहेत. बाकीच्यांच्या वाट्याला येते ती धोक्याची जाणीव, आणि धोका तर असतोच. म्हणून यापुढे फोनवर लाल रंग उजाडेल तेव्हा, वाचकहो, खिडकी लावण्यापूर्वी एक प्रश्न आपल्या नगरसेवकाला विचारा आणि एक स्वतःला. त्याला विचारा, हाक तर ऐकू आली, खनक केव्हा पाठवता? आणि स्वतःला विचारा, माझ्या छपराखाली आज कोण झोपले आहे?

दिवाळीचा दिवा दाराबाहेर लावायची आपली रीत आहे. उजेड घरातल्यांना हवा असता तर तो आतच लावला असता. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट दिसावी म्हणूनच तो उंबऱ्याबाहेर ठेवायचा. एवढे या चार दिवसांत आठवले तरी पुष्कळ झाले.